दत्तूमामांचा कोपरा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझे बाकीचे सगळे गुण-अवगुण पाठ आहेत — हे एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. शाहूपुरीत दुकान आहे. काट्याच्या चार कोपऱ्यांखाली एकेक लोडसेल असतो — भार ओळखणारा लोखंडी ठोकळा. चारही सेलच्या वायरी एका डब्यात येतात. एका वायरीत गडबड झाली तर तेवढाच कोपरा खोटं बोलतो. म्हणून वायरीला हात लावला की प्रमाणित वजनं चारही कोपऱ्यांवर फिरवून बघायची. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी गूळ मार्केटातल्या एका अडत्याच्या काट्याची वायर उंदरांनी कुरतडली होती. गुळाचा चिकटा लागला की ते वायरही सोडत नाहीत. नवा लोडसेल बसवायला हवा होता. मी काय केलं? हाताशी होता तो बारीक वायरीचा तुकडा पिळून जोडला, टेप गुंडाळली. सोल्डरसुद्धा नाही. आणि ती वीस-वीस किलोची वजनं — एकदाच, मधोमध ठेवली. आकडा बरोबर आला, सही ठोकली. घाई होती का? नव्हती. कंटाळा आला होता.

तिथे दत्तूमामा तोलार होते — गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर ठेवून वजन पुकारणारे. तीस वर्षं हेच काम. गुडघा धरलेला, म्हणून रवे अलीकडच्या कोपऱ्यावरच ठेवायचे आणि तिथंच काट्याला खेटून उभे राहायचे. मी पिळलेली वायर नेमकी त्याच कोपऱ्याची. पावसाळ्यात जोड दमट झाला आणि वजन कमी भरू लागलं. शेतकरी घरून वजन करून आलेले, त्यांना कळणारच. मग कुणीतरी म्हणालं — म्हातारा खालून काट्याला पाय लावून भार उचलतो.

अडत्यानं मला बोलावलं. वीस-पंचवीस माणसं जमलेली. मी खाली वाकून टेप सोडली. तार हिरवी पडली होती. बघताक्षणी कळलं — कळलं नाही असं म्हणायची सोय नाही मला. टेप परत गुंडाळली, आणि वजनं पुन्हा मधोमध ठेवली. मधोमध फरक फारसा दिसत नाही.

“मिस्त्री, ह्या कोपऱ्यावर बी ठिवून बघा की,” मामा म्हणाले. “माझा पाय न्हाय लागला.”

“काटा बरोबर हाय,” मी म्हणालो. त्यांच्याकडं न बघता — पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. वजनं उचलून दोन हात अलीकडं ठेवायची होती, एवढंच. दुकानाचं नाव जाईल, या भीतीनं मी हात उचललेच नाहीत.

मामांना त्याच दिवशी काढलं. आठवड्यानं मी गुपचूप नवा लोडसेल बसवला. या खेपेला चारही कोपरे नीट तपासले. वजन बरोबर भरू लागलं, आणि मार्केटात सगळे म्हणाले — बघा, म्हातारा गेला आणि काटा सुधारला. लोक असं म्हणतील हे मला आधी सुचलं नव्हतं का? सुचलं होतं.

गेल्या वर्षी स्टँडवर मामा दिसले, गगनबावड्याच्या एसटीची वाट बघत. मी तोंड चुकवून निघालो होतो. त्यांनीच हाक मारली.

“तुमच्यावर राग न्हाय माझा, मिस्त्री. काटा कशाला खोटं बोलंल? माझाच पाय लागत असंल. ह्या वयात पाय कुठं पडतोय, समजत न्हाय. पर म्या मुद्दाम न्हाय केलं. एवढं तरी मानता न्हवं?”

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाच दोषी ठरवून टाकलं होतं. माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून.

“मानतो की, मामा,” मी म्हणालो.

त्यांना बरं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. गाडी आली. मी हात धरून त्यांना वर चढवलं, पिशवी दिली. त्यांचं गाव इथून तासाभरावर आहे. मी अजून गेलेलो नाही.