खंडेनवमीला धुतलेली चावी

सोजराबाई मुळातच हट्टी बाई. पन्नाशी ओलांडली आणि नवऱ्याच्या, महादेवरावांच्या, दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिस. मुलगा पुण्यात. मग काय, बाईनं मेथी-कोथिंबीर विकून साठवलेल्या पैशांत जुनी गाडी घेतली, शिकली आणि धामणगाव बढ्याच्या चौकातून चालवत नेली. पारावरची माणसं खो खो हसली. बाईनं काच खाली केली. "हासा लेकहो! उद्या तुमचीच माय दवाखान्यात न्या लागली तं माह्याच दारात यासान." आणि आले की! एकेक करून सगळे आले.

आता खंडेनवमीला या घरात विळे, खुरपी, फवाऱ्याचा पंप, तराजू, झाडून सगळ्यांना आंघोळ. यंदा बाईच्या मनात आलं, आपलं घर चालतं गाडीवर, मग चावीनंच काय पाप केलं? चावी दुधापाण्यानं धुतली. आत पाणी गेलं असेल म्हणून तिचं प्लॅस्टिकचं टोपण नखानं उघडलं, फडक्यानं पुसलं, फडकं अंगणात झटकलं. टोपण परत लावून वर हळदीकुंकू वाहिलं. भक्तीत काही म्हणता काही कमी नाही!

दुसऱ्या दिवशी दसरा, आणि महादेवरावांची डायलिसिसची पाळी. त्या मशीनला कुठला आलाय सण? त्यांचे पाय सुजलेले, दम लागलेला. चावीवरचं बटण दाबताच गाडीचं दार उघडलं. इंजिन क्षणभर लागलं आणि बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. समोर चावीचं लाल चित्र लुकलुकत राहिलं. शेजारच्या दोन्ही गाड्या सकाळीच पाहुण्यांकडे गेलेल्या. एसटीच्या पायऱ्या महादेवरावांना चढवत नव्हत्या. दवाखान्यातून सांगितलं, संध्याकाळच्या पाळीत घेतो, पण त्याच्या आत आणा.

बाईनं मोताळ्याच्या राजकुमार चावीवाल्याला फोन लावला.

"मावशी, हत्यारं पूजेत मांडली हायेत," तो म्हणाला. "उत्तरपूजा झाल्याबिगर आमच्या घरात कोनी हात लावत नाही. उद्या सकाळीच येतो."

सोजराबाईचा आवाज कधी कापत नसे. तो कापला. "बाबा, तुह्या पूजेले उद्या चालन. यायच्या रक्ताले नाही चालत."

पलीकडे हत्यारं उचलल्याचा खणखणाट झाला. मग तो म्हणाला, "निंगतो."

मोटारसायकलवरून आला तेव्हा त्याच्या चाव्या बनवायच्या मशीनवर कुंकवाची बोटं तशीच होती. आल्या आल्या म्हणाला, "गाडीचे कागद अन् आधार दाखवा."

बाई भडकलीच. "मी काय चोर हाय का बे?"

"चोरबी असेच रडत फोन करतात, मावशी."

कागद बघून त्यानं चावी उघडली. आतली खाच रिकामी! "यातली चिप कुठी गेली? काळी, मक्याच्या दान्याएवढी?"

बाईच्या डोळ्यांपुढं ते झटकलेलं फडकं आलं, आणि अंगणात टिपत फिरणाऱ्या कोंबड्याही.

"मंग कोंबडीलेच बसव गाडी चालवाले," बाजेवरून महादेवराव म्हणाले. एवढ्या दमातही बोलायची खोड जाईना.

"पन दार तं उघडते ना!" बाई म्हणाली.

"दाराच्या बटनाचं येगळं. त्याले सेल हाय. चिपले सेल नसते. चावी घातली का भोकाभोवतीचं कडं तिले जागं करते, मंग चिप आपला नंबर सांगते. गाडीले वयखीचा नंबर भेटला तं इंजिन चालू ठेवते. नाही तं म्हनते, तू आपल्या घरची नाही."

त्यानं त्याच चावीत नवी चिप बसवली. स्टिअरिंगखाली मशीनची वायर जोडली आणि नव्या नंबरची गाडीशी ओळख करून दिली. थोडा वेळ गेला. लाल चित्र विझलं. सोजराबाईनं चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं, सुरूच राहिलं. राजकुमारनं सोबत आणलेली दुसरी चावीही कापून, ओळख करून हातात दिली. "एका चावीवर मानसाचा जीव टांगू नका, मावशी."

बुलढाण्याचा घाट बाईनं कसा चढला, तिचं तिलाच ठाऊक. संध्याकाळच्या पाळीत महादेवरावांना खाट मिळाली, नळ्या जोडल्या, मशीन फिरू लागलं. हळूहळू त्यांची धाप ओसरली आणि त्यांना झोप लागली. बाईनं बाहेर येऊन राजकुमारला फोन केला.

"भाऊ, मशीन लागली. झोपले ते."

"बरं झालं, मावशी. तुमच्या फोनचीच वाट पाहून राह्यलो होतो. काय सांगावं, गाडी पुन्हा अडली असती तं या लागलं असतं. हत्यारं बाहेरच ठेवली. आता मांडतो पूजेत."

बाईला हुंदका आवरेना. जन्मात कोणापुढं वाकली नव्हती ती.

"मांडशीन तवा," ती कशीबशी म्हणाली, "माह्याकडून त्या हत्यारायच्या पाया पड."