साहेबांचं नाटक इंदूरला येतं तेव्हा

किस्से गोळा करायला आम्हाला कुठे जावं लागत नाही. ते आपणहून येतात, मांडी घालून बसतात आणि उठायचं नाव घेत नाहीत. माणसांचं मात्र उलट झालंय. इंदूरच्या आमच्या नाटकवेड्या कंपूत आता किस्से जास्त आणि माणसं कमी!

कंपू म्हणजे काय, तर पुण्याच्या एका नटाचे आम्ही फॅन. त्यांना आम्ही 'साहेब' म्हणतो. वर्षातून एकदा त्यांचं नाटक इथे येतं. यंदा नाटक आणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने तोंडावर सांगितलं, "हॉल भरला नाही, तर यापुढे इंदूर बंद!" तेव्हापासून मला घास गोड लागेना. हसू नका. वर्षभर मी हिंदीत नोकरी करते, हिंदीत भांडते, देवाजवळसुद्धा अर्धं हिंदीत मागते. ते एक नाटकही गेलं तर माझ्याजवळ माझं म्हणून उरतं काय?

*

नाटकवाल्यांचं जेवण आमच्याकडे हॉटेलातून येत नाही, घराघरांतून जातं. भरली वांगी मिलवाल्यांच्या वस्तीतल्या, परदेशीपुऱ्याच्या काकडे काकूंची. त्यांच्या मिस्टरांची मिल बंद पडली, मग मिस्टरही गेले, पण वांगी कधी चुकली नाहीत.

एकदा साहेब समोर बसलेले पाहून काकू इतक्या बावचळल्या, की सवयीने वांग्यांवर मूठभर सेव टाकून मोकळ्या झाल्या. साहेब ताटाकडे बघतच राहिले.

"काकू, हे काय?"

"अहो, सेव नाही टाकली तर इंदूरमध्ये पाहुण्याचा अपमान होतो ना!"

साहेब मुकाट्याने जेवले. पुढच्या वर्षी श्रीखंडाची वाटी पुढे आली, तेव्हा म्हणाले, "सेव कुठाय? आमचा अपमान करता का?"

*

आमचे सुशील कांबळे बँकेत आहेत. आजोबा महूला फौजेत होते, तेव्हापासून घर इकडेच. गेल्या उन्हाळ्यात कांबळे लग्नाला नागपूरला गेले. तिथे नवरीचे मामा म्हणाले, "तुम्ही हिंदीवाले असून मराठी छान बोलता हो!"

परत आले, तर कॉलनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "क्यों भिया, हो आए अपने देस?"

कांबळे मला म्हणाले, "ताई, तिकडेही पाहुणा, इकडेही पाहुणा. मग राहू कुठे? मधल्या खंडव्याच्या प्लॅटफॉर्मवर?"

आम्ही खूप हसलो.

*

मागच्या खेपेला मी माझ्या लेकीला, आर्याला, नाटकाला नेलं. पोरगी प्रत्येक विनोदाला हसत होती! जरा उशिरा हसायची, पण हसायची. मला तर गगन ठेंगणं झालं. इंटरवलमध्ये काकडे काकूंना मुद्दाम ऐकू जाईल असं मी विचारलं, "आवडतंय ना गं?"

"मम्मी, मेरे को तो कुछ समझ नहीं आ रहा. तू हँसती है, तो मी पण हसते. तू अकेली हँसती हुई अच्छी नहीं लगती."

रागवावं असं यात काय होतं? मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

*

आता यंदाचं. तिकिटं खपली नाहीत ती नाहीतच. मग आम्ही ठरवलं, एकत्र बसायचंच नाही. साहेबांना स्टेजवरून हॉल रिकामा दिसता कामा नये. एक इथे, एक तिथे, मधल्या खुर्च्यांवर पर्स, स्वेटर, ओढणी. काकडे काकू एकट्याच पाचव्या रांगेत कोपऱ्यात.

आणि बघतो तर काय! मधूनमधून अनोळखी चेहरे. मागे दोन, डावीकडे एक, पुढे खांबाजवळ आणखी कुणी. मी लांबूनच कांबळ्यांना खूण केली. नवी मंडळी! शहरात एवढी मराठी माणसं होती आणि आम्हाला पत्ता नाही? कांबळ्यांनी तिकडून दोन्ही अंगठे वर केले. पहिला अंक संपेपर्यंत मी स्टेजकडे कमी आणि त्या चेहऱ्यांकडे जास्त पाहिलं. मनात म्हटलं, चला, वाचलो!

इंटरवलला काकू चिवड्याचा डबा घेऊन खांबाजवळच्या माणसाकडे पोचल्यासुद्धा. आम्ही मागोमाग.

"घ्या ना भाऊ. नवीन बदली होऊन आलात का इंदूरला? घर कुठे घेतलंत? आमच्याकडे या हं, आता जाऊ देणार नाही तुम्हाला!"

तो माणूस चटकन उभा राहिला. चिवडा त्याने घेतला, पण खाईना.

"काकू, मी नाटकाच्या बसचा ड्रायव्हर. ते मागचे दोघं सेट लावतात. साहेब म्हणाले, 'जरा लांब लांब पसरून बसा रे हॉलमध्ये. इंदूरच्या मंडळींना वाईट वाटायला नको.'"