वरची बाई खाली उतरली

स्टेशनवर सगळे तिला ‘वरची बाई’ म्हणत. आवाज छपराखालच्या भोंग्यातून यायचा, म्हणून वरची. तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. पण सकाळी कामाला निघालेली माणसं तिच्या शब्दावर धावायची आणि तिच्याच शब्दावर थांबायची. “वरची बाई उशीर म्हणतेय ना? मग बस निवांत,” असं लोक एकमेकांना सांगत. नटीला टाळ्या मिळतात, हिला भरवसा मिळाला होता. त्यावर ती खूश होती.

तिच्या सासऱ्यांच्या आठवणीत तिथे नुसता थांबा होता. रुळांकडेला राख ओतून केलेला उंचवटा, वर पत्रा, खांबाला टांगलेला कंदील. गाडीला हात दाखवावा लागे. मग माळावर कारखाने आले, कारखान्यांमागून घरं आली आणि घरांमागून फलाट. एकाचे दोन झाले, दोनाचे चार.

तिची खोली तिकीटखिडकीला चिकटलेली, कपाटाएवढी. पण तिला खिडकी होती. वळणावर गाडी दिसली की ती माईकचं बटण दाबायची. खिडकीखालचा फलाट एक, पार पलीकडचा कुंपणालगतचा चार. कागद बघायची गरजच नव्हती. स्वतःच्या घरात न्हाणीघर कुठे आहे, हे कुणी वाचून बघतं का?

जुनी इमारत पाडली आणि नवी उभी राहिली ती कुंपणाच्या बाजूला. दार तिकडे गेलं, तशी मोजणीही तिकडून सुरू झाली. चार होता तो एक झाला आणि एक होता तो चार. तिला नवी खोली मिळाली. गार, चकचकीत, बिनखिडकीची. समोर नुसते गाड्या आणि फलाट दाखवणारे पडदे.

स्टेशनमास्तर सज्जन माणूस. म्हणाले, “बाई, थोडे दिवस यंत्राला बोलू द्या. तुमच्या जिभेला जुनं वळण आहे.”

“साहेब, जिभेला हाड नसतं म्हणतात,” ती फणकारली, “माझ्या जिभेला कणा आहे!”

घरी मात्र तिने भाजी निवडता निवडता तालीम सुरू केली. “एकचा चार, चारचा एक...” सून हसून म्हणायची, “आई, मिठाचा डबा आज कुठल्या फलाटावर लागलाय?”

उद्घाटन झालं, फिती कापल्या, आणि दुसऱ्या सकाळी जलद गाडी वळणावर आली. पडद्यावर चार लिहिलं होतं. तिने ते पाहिलंही. पण बटणावर बोट पडलं आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने गेली, “जलद गाडी फलाट क्रमांक एकवर येत आहे.”

चारवर उभ्या असलेल्या गर्दीने वर पाटीकडे पाहिलं. पाटी चार म्हणत होती. पण पाटी कालची, वरची बाई जन्माची! लोंढा पुलावर चढला. जिने नवे, उंच. पिशव्या, डबे, कडेवरची मुलं घेऊन माणसं पूल ओलांडत होती, तोवर गाडी चारवर आली, दारं उघडली, रिकाम्या फलाटाकडे क्षणभर पाहिलं आणि निघून गेली.

पडद्यावर तिने हे सगळं पाहिलं. चूक दुरुस्त करायला बटणाकडे हात नेला, पण आता जिभेवरून कुठला आकडा बाहेर पडेल याचा तिलाच भरवसा वाटेना. स्टेशनमास्तर आत आले. ओरडले नाहीत. तिच्या हाताजवळचं बटण दाबून त्यांनी यंत्र सुरू केलं, एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ती बाहेर पडली. घरी जायचं तर त्याच गर्दीतून जायला हवं. पदर घट्ट ओढून ती भिंतीच्या कडेने निघाली.

“डोळे फुटले होते का तिचे?”

“माझी पाळी गेली. आता मुकादमाला काय सांगू, वरच्या बाईने फसवलं?”

तिला कुणी ओळखत नव्हतं. तोंड मिटलेलं असलं की ती कुणीच नव्हती. एवढ्यात काठी टेकत आलेल्या एका म्हातारीने तिची बाही धरली.

“अगं बाई, पुढची गाडी कुठे लागेल?”

तिने बोटाने पुलापलीकडे दाखवलं.

“मला दिसत नाही गं. तोंडाने सांग. मी आपली त्या वरच्या बाईच्या आवाजावर चालते. आज तिनेच दगा दिला बघ.”

मुकी असल्याचं सोंग करता आलं असतं. बाही सोडवून निघूनही जाता आलं असतं.

“आजी,” ती म्हणाली, “चारवर.”

मुकादमाचं नाव घेणारा गर्रकन वळला. कुणीतरी हलकेच म्हणालं, “हीच ती!”

म्हातारीने बाही सोडली नाही. “तूच का गं?”

“मीच. चुकले मी, आजी.”

“चुकलीस खरी. जिना चढून माझे गुडघे गेले.” म्हातारीने काठी दुसऱ्या हातात घेतली. “आता नुसतं सांगू नकोस. नेऊन सोड.”

लोकांनी वाट दिली. ती म्हातारीला धरून पूल चढू लागली. प्रत्येक नजर पाठीला लागत होती, आणि म्हातारीच्या चालीने चालायचं म्हणजे लवकर सुटकाही नव्हती. पलीकडे उतरल्यावर म्हातारी थबकली.

“खरंच चार ना हा?”

तिने मान वर केली, डोळे पुसले आणि पाटी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मगच म्हणाली, “हो आजी. चार.”