पोर्तुगीजमध्ये वारलेला मामा

स्टुडिओत तिला सगळे शंकाबाई म्हणत. मालिकेतल्या नटाच्या डाव्या हातावरचं बँडेज पुढच्या भागात उजव्या हातावर गेलं, की ते पकडायचं, हे तिचं काम. घरीही ही खोड सुटत नसे. नवरा पाहुण्यांना दोघांची पहिली भेट रंगवून सांगू लागला, की ही चहा ओतता ओतता म्हणे, "मागच्या वेळी तुम्ही बसमधून उतरत होतात. आज चढताय." नवरा बिचारा बसच्या दांडीला लटकत राही.

तिच्याकडे एक नवी मालिका आली. कथा एकच, नट तेच. सकाळी चित्रीकरण पोर्तुगीजमध्ये, दुपारी इंग्रजीत. पोर्तुगीज संवाद एक लेखक लिही, इंग्रजी त्याची बायको. मध्येच दोघांचं बिनसलं, बोलणं बंद झालं. एका सकाळी मालिकेतला मामा जिन्यावरून पडून वारला. दुपारी इंग्रजीत तोच मामा जेवायला बसला आणि मीठ कमी आहे म्हणाला. नटानं शंकाबाईला विचारलं, "बाई, कपाळावरची जखम ठेवू की पुसू?"

शंकाबाई तडक लेखकाच्या घरी गेली. दार बायकोच्या भावानं उघडलं. मालिकेतला मामा त्याच्यावरच बेतला होता. चार दिवसांसाठी म्हणून आलेला हा गृहस्थ तिथंच ठाण मांडून बसला होता.

"हिला सांगा," लेखक शंकाबाईला म्हणाला, "घरातून तो जात नाही, निदान माझ्या भाषेतून तरी जाऊ दे."

"त्यांना सांगा, माझ्या भाषेत माझा भाऊ शंभरी गाठणार आहे," बायको म्हणाली.

"पण सकाळी ज्याचा दुखवटा, तोच दुपारी पत्ते पिसतोय," शंकाबाई कळवळून म्हणाली. "त्यापेक्षा मामाला एक जुळा भाऊ द्या. एक गेला, एक राहिला."

नवरा-बायकोनं कित्येक महिन्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अजून एक?" लेखक पुटपुटला.

"एकाचंच करणं होईना मला," बायको थेट त्यालाच म्हणाली.

तिथल्या तिथं दोघांचं एकमत झालं: मामा राहो वा जावो, ही बाई मालिकेवर नको.

भाऊ तिला खालपर्यंत सोडायला आला. "म्हणजे माझं नेमकं काय ठरलं?"

"पोर्तुगीजमध्ये तुम्ही वारलात. इंग्रजीत तब्येत उत्तम आहे."

"आणि घरात?"

"घरात कुठली भाषा बोलतात?"

"भांडताना दोन्ही."

"मग जिन्यावर जरा जपून," ती म्हणाली.

मालिका तशीच चालली. मेला तो मेलेला, जेवला तो जेवलेला. एकाही प्रेक्षकानं हूं की चूं केलं नाही. शंकाबाईच्या मनाला हेच फार लागलं. तिची बदली हवामानाच्या बातम्यांवर झाली. पहिल्याच संध्याकाळी तिनं निवेदकाला स्टुडिओच्या दारात अडवलं. "काल तुम्ही आज ऊन आहे म्हणालात."

"ते काल म्हणालो," असं म्हणून त्यानं छत्री उघडली आणि तो चालू लागला.

शंकाबाईनं छत्री आणली नव्हती. तिनं कालच्या बातम्या ऐकल्या होत्या.