गळ्यात काय आहे, ते आधी वाचा

अप्पा मेलेल्या माणसांना नमस्कार करायचे, तोही माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. फोटो उघडायच्या आधी हात जोडून पुटपुटायचे, "शरणु, शरणु." मग मला खूण करायचे. फोटो उघडला की चष्मा वर-खाली करून बघायचे आणि म्हणायचे, "आपला न्हाय. कुणाचा तरी हाय बिचारा." दाखल्यासाठी आलेली गिऱ्हाइकं हे बघून बाहेर जाऊन उभी राहायची. मी चिडायचो, खेकसायचो. मी तसा खेकसणाराच माणूस. पण अप्पांवर त्याचा काडीचा परिणाम व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वारी पुन्हा हजर.

उमरग्यात बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. अप्पा आमच्याच गल्लीतले, लिंगायत, जन्मभर भुसाराचा धंदा केलेले. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. त्यांचा एकुलता एक मुलगा चन्नू हैदराबादला एका गोदामात कामाला होता. सणाला येतो म्हणून तिथून निघाला तो घरी पोचलाच नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, पाहुण्यारावळ्यांनी गावं पालथी घातली, हाती काही लागलं नाही. तेवढ्यात कोणीतरी अप्पांना सांगितलं, की हल्ली नेटवर फोटो टाकला की माणूस सापडतो, तेही फुकटात. झालं! अप्पा चन्नूचा फोटो घेऊन माझ्या दुकानाची पायरी चढले.

मी फोटो टाकून शोध लावला. पडद्यावर धडाधड चेहरे आले: मिशीवाले नवरदेव, सुटाच्या जाहिरातीतली पोरं, दक्षिणेतला कुठलासा नट. अप्पांनी एकेक चेहरा जवळून पाहिला. "मालक, ह्यो मिशीवाला आमच्या चन्नूपेक्षा देखणा हाय. पर मला देखणा न्हाय पायजे, माझा पायजे." मी समजावलं, की हे माणूस ओळखत नाही, तसलीच मिशी, तसलाच रंग, तसलेच कपडे हुडकतं. "मंग आमच्या सोयरीक जमवणाऱ्यासारखंच म्हना की," अप्पा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या दिवसानंतर त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नाही.

शोधता शोधता शेजारच्या राज्यातल्या पोलिसांचं एक पान सापडलं. ओळख न पटलेल्या मृतदेहांचं. सगळं कन्नडमध्ये. अप्पांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही, शाळा मराठीतली; माझंही तसंच. मग मी मजकूर वाचून दाखवणारी फुकटची सोय सुरू करून दिली. एक बाई सपाट आवाजात वाचायची: वय अंदाजे अमुक, बांधा अमुक, गळ्यात अमुक, अंगावर अमुक कपडे. फोटो झाकलेला असे, बघायचा असेल तर बटण दाबायचं.

अप्पांनी पहिल्याच दिवशी नियम घातला. "गळ्यात काय हाय ते आधी ऐकायचं. लिंग नसंल तर पुढं चला, फोटो उघडायचा न्हाय. उगं दुसऱ्याचं मरण कशाला बघायचं?" चन्नूच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग होतं. "आमच्यात ल्हानपणी बांधत्यात, ते मातीतच संगं जातं. अंघोळीला काढत न्हाय, झोपताना काढत न्हाय. जीव जाईल मालक, लिंग जायाचं न्हाय." मला काय, मला बरंच वाटलं. बिनलिंगाचे पटापट पुढे सरकायचे आणि माझी गिऱ्हाइकं आत यायची.

लिंगवाले अधूनमधूनच निघायचे, पण एकदा बाईनं वाचलं, वय कळत नाही, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. अप्पांचे जोडलेले हात सुटेचनात. शेवटी मीच बटण दाबलं. कोणी पन्नाशीचा माणूस होता. अप्पा बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला. "सुटलो म्हणू का अडाकलो म्हणू, तेच कळंना," एवढंच बोलले. मला त्या वेळी त्यांची इतकी दया आली, की दुपारचं दुकान बंद करून त्यांना घरापर्यंत सोडून आलो.

असं वर्षभर चाललं. नवे फोटो येणं कमी झालं तसे अप्पा जुनीच पानं पुन्हा ऐकायला लागले. एके दिवशी अव्वाही बरोबर आल्या, म्हणजे त्यांची बायको. "रोज रोज काय ऐकताव, मला बी ऐकू द्या," म्हणून खुर्ची ओढून बसल्या. बाई वाचत होती: गळ्यात काही नाही, आकाशी शर्ट, खिशाला एकच काळी गुंडी.

"पुढं," अप्पा म्हणाले.

"थांबा," अव्वा म्हणाल्या. "काळी गुंडी म्या लावल्याली हाय. आकाशी घावली न्हाय म्हणून."

"आवं, गळ्यात लिंग न्हाय त्याच्या!"

"गुंडी तर हाय न्हवं? दावा फोटो."

मी फोटो उघडला. चन्नूच होता. चेहऱ्याची एक बाजू शाबूत होती, तेवढी पुरे झाली. अव्वा पडद्यावर हात ठेवून बसून राहिल्या. अप्पांनी मला विचारलं, "मालक, हे कवा टाकलंय?" मी तारीख वाचली. चन्नू बेपत्ता झाला त्याच आठवड्यातली ती नोंद होती. अप्पा दुकानात पहिल्यांदा आले तेव्हाही ती तिथंच होती. आम्ही ती ऐकली होती आणि पुढं गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हद्दीपलीकडच्या त्या ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस होता. रस्त्यावर गाडीनं उडवलं होतं, गाडी सापडली नाही, असं त्यानं सांगितलं. उचललं तेव्हा अंगावर कपड्यांशिवाय काही नव्हतं. लिंग कुणी चांदीसाठी नेलं, की दोरा तुटून कुठं पडलं, देव जाणे. देह महिनाभराहून जास्त दवाखान्यात बर्फात ठेवला होता, कोणी आलं नाही म्हणून सरकारी जागेत पुरला. म्हणजे अप्पा माझ्या दुकानात बसून "पुढं" म्हणत होते तेव्हा पोरगं तिथं बापाची वाट बघत पडलं होतं.  अप्पांनी कन्नडमध्ये एकच प्रश्न विचारला: बसवून पुरलं का? लिंगायतांत मयताला मांडी घालून बसवून माती देतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. हवालदारानं मान खाली घातली. "न्हाय अप्पा. सगळ्यांना आडवंच ठेवतात. आता कोण कुठं, तेही सांगता येणार नाही."

त्यानंतरही अप्पा येत राहिले. मला वाटलं होतं, आता कशाला येतील! पण आता ते गळ्याचं विचारतच नव्हते. प्रत्येक फोटो उघडायला लावायचे. "एकाला न बघता पुढं ढकललं, त्येवढं बास," म्हणायचे. आधी दुपारपुरते थांबायचे, मग थकत गेले, मग पायरी उतरताना मी हात धरायला लागलो. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि पंधरवड्यात गेले.

मातीला सगळं गाव होतं. स्वामी आले, अंगाला विभूती लावली, अप्पांना मांडी घालून बसतं केलं. तेव्हा अव्वा पुढं झाल्या. "त्येंनी सांगून ठिवलंय. आडवं ठिवा त्येंला."

गलका झाला. पुतणे म्हणाले, असं कुठं असतं का? स्वामी म्हणाले, "अव्वा, हे शास्त्रात बसत न्हाय."

"न्हाय बसत," अव्वा म्हणाल्या. "माझं लेकरू तिकडं आडवं पडलंय, बिनलिंगाचं. त्याचा बाप बसून कसा ऱ्हाईल?"

  शेवटी स्वामींनीच होकाराची मान हलवली. खड्डा बसवण्यापुरताच खणलेला होता. मी कुदळ उचलली आणि आम्ही तो लांब करायला लागलो.