वेण्या घालणारी डेनिटा

अमेरिकेतल्या सव्हाना शहराच्या पश्चिम भागात डेनिटा गॅडसनचं दुकान आहे. गेली तीस वर्षं तिथल्या बायका लग्नाला, मयताला आणि ईस्टरला तिच्याकडून केस करून घेऊनच जातात. ती फारसं बोलत नाही. बोटं तेवढी चालू असतात. ही गोष्ट ती तेरा वर्षांची होती तेव्हाची.

तिची अर्लीन मावशी स्वयंपाकघरात बायकांचे केस करायची. शाळा सुटली की डेनिटा तिथे स्टुलावर बसून बघत राही. बघून बघूनच तिला वेण्या यायला लागल्या. शेजारची शार्मेन दर शनिवारी डेनिटाच्या दारात पायरीवर तिच्यापुढे बसायची. डेनिटा वरच्या पायरीवर, शार्मेन तिच्या गुडघ्यांमध्ये, खालच्या. दोघींची सगळी गुपितं अशी, एकमेकींचं तोंड न बघता, सांगून झालेली होती.

त्या वर्षी चर्चमध्ये ईस्टरला म्हणायचं मोठं भाषण शार्मेनला मिळालं. तेवीस ओळी, सगळ्या तोंडपाठ. पण तिला वेण्या नको होत्या, मोठ्या मुलींसारखे सरळ केस हवे होते. तिची आई, जिला सगळे मिस ल्युसिल म्हणत, सोळाव्या वर्षापर्यंत नाही म्हणून बसलेली. शार्मेनने गुपचूप केस सरळ करायच्या क्रीमचा डबा आणला आणि डेनिटाला म्हणाली, "तू मावशीचं शंभरदा बघितलंयस. आणि एकदा झाले की आई काय, परत कुरळे करून देणार आहे?"

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी मिस ल्युसिल कामावर गेल्यावर दोघी शार्मेनकडच्या मोरीशी उभ्या राहिल्या. डबा उघडण्याआधी मावशी प्रत्येकीला विचारायची, डोकं कधी धुतलं? डेनिटाची समजूत अशी, की मावशीला घाणेरडं डोकं चालत नाही. म्हणून तिने शार्मेनचं डोकं नखांनी चांगलं खसाखसा चोळून दोनदा धुतलं, वाळवलं आणि मग क्रीम लावलं. पाचव्या मिनिटाला शार्मेन म्हणाली, चुरचुरतंय. मावशीकडच्या बायकाही तसं म्हणत आणि दात आवळून बसत. शार्मेनही बसली.

क्रीम धुताना उजव्या कानामागचे तळहाताएवढ्या जागेवरचे केस डेनिटाच्या हातात आले. खाली कातडी लालभडक.

संध्याकाळी डेनिटाने मावशीला सहज विचारावं तसं विचारलं, की तू डोकं कधी धुतलं ते का विचारतेस. मावशी मान वर न करता म्हणाली, "कालपरवा धुतलं असेल तर परत पाठवायला. डोक्यावरचं तेल गेलं की ते क्रीम कातडी खातं."

मिस ल्युसिल घरी आली, तेव्हाचं सगळं उघड्या खिडकीतून डेनिटाला ऐकू आलं. शार्मेन म्हणत होती, मी एकटीने केलं. आईने एवढंच विचारलं, की कानामागे एकटीचा हात इतका नीट पोचतो होय? कोण होतं ते सांगेपर्यंत उद्या भाषण नाही, म्हणाली. शार्मेनने नाव सांगितलं नाही.

डेनिटाला कळत होतं, नाव तिचं निघालं की त्या घराचं फाटक तिला बंद. ईस्टरच्या सकाळी ती नवा पिवळा फ्रॉक घालून त्याच फाटकाशी गेली. देवाचं नाव घेतलं आणि आत शिरली.

"मिस ल्युसिल, ते मी केलं. आधी धुतलं तेही मीच."

 मिस ल्युसिल म्हणाली, खरं बोललीस ते बरं केलंस, पण आता या फाटकाच्या आत यायचं नाही. आणि आपली निळी टोपी काढून तिने शार्मेनच्या डोक्यावर बसवली.

चर्चमध्ये शार्मेन अकराव्या ओळीला अडखळली. बाकांवरून म्हाताऱ्या म्हणाल्या, "असू दे, बाळा, सावकाश." तिने पुढचं सगळं म्हटलं. बाहेर अंगणात डेनिटा तिच्याजवळ गेली, तेव्हा ती म्हणाली,

"मी नाव घेतलं नव्हतं. भाषण गेलं तरी घेणार नव्हते. तुला कोणी यायला सांगितलं होतं?"

 त्या उन्हाळ्यात शार्मेन तिच्याशी बोलली नाही.

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी मिस ल्युसिलनेच शार्मेनला डेनिटाकडे पाठवलं. आई म्हणते, वेण्या तुझ्याकडूनच घालून घ्यायच्या, ‘ती पोरगी आता परत चुकायची नाही’, एवढा निरोप देऊन शार्मेन पाठ करून पायरीवर बसली. कानामागे बोटभर केस आले होते. डेनिटाने बारीक बारीक वेण्या घातल्या, तिथे हात हलका ठेवून. तीन तास लागले. शार्मेन एकदाच बोलली, तेही "घट्ट घाल" एवढंच.

पुढच्या शनिवारी तिला कोणी पाठवलं नव्हतं. ती आली आणि खालच्या पायरीवर बसली.