धर्मशाळेच्या दारात

दादा, पातूर सोडलं त्या सकाळी तू मला बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं मारलं होतंस. "नांगर कोन धरन?" एवढंच विचारायचास आणि पुन्हा मारायचास. कपाळ फुटलं. आईनं लुगड्याची चिंधी फाडून बांधली. बाबा अकोल्याच्या वाटेपर्यंत आले आणि म्हणाले, "कागद वाचता येते म्हून गरिबाले दाबू नोको."

अकोल्यात एका वकिलाकडे नकला लिहीत कायदा शिकलो आणि वकिलीची सनद घेऊन अमरावतीला आलो. अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेला तिथली रुई मिळत नव्हती, आणि आपल्या कापसासाठी इथले व्यापारी एकमेकांच्या उरावर बसत होते. सौदा मोडला की बाजारात डोकी फुटत, मग दोन्ही बाजू वकील शोधत. कापसाचे मोठे व्यापारी मोतीशेट, त्यांचे करारनामे मीच लिहायचो. त्यांनी वलगावच्या वाटेवर गाडीवानांसाठी धर्मशाळा बांधली, तिचे नियमही मीच लिहिले: इथं व्यापाराचा माल ठेवू नये, उतरलेल्या माणसाला हाकलू नये. तिच्या पाच पंचांत शेट होते, मीही होतो. करीमभाई तिथला रखवालदार. तो आणि त्याची बायको अमिनाबी तिथंच राहत.

पुढच्या हंगामात शेटची गोदामं भरली. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, "उद्या धर्मशाळा खाली करा. कापसाच्या गासड्या ठेवाच्या हायेत."

मी नियम वाचून दाखवला. बाकीचे तिघं खाली पाहत राहिले.

"तुमी कागद वाचत बसा, वकीलसाहेब. दार माही मानसं उघडतीन," शेट म्हणाले.

सकाळी शेटचे लाठीवाले आले. गाडीवानांना केसाला धरून बाहेर ओढलं, एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. करीमभाई दारात आडवा झाला. "पंचों का कागज दिखाओ," म्हणाला. पहिल्याच लाठीनं तो गुडघ्यावर आला. तरी ते थांबले नाहीत. मी समोरच्या विहिरीपाशी होतो. पळालो नाही, पण पुढंही गेलो नाही.

दुपारी करीमभाईचा जीव गेला. अमिनाबी मला म्हणाली, "वकीलसाब, तुमी तिथंच होते ना?"

खटल्यात तिच्या बाजूनं मीच उभा राहणार होतो. पण शेटच्या माणसांनी साक्षीदार झोडपून पिटाळले. मग मी वकीलपत्र सोडलं आणि स्वतःच साक्षीला उभा राहिलो.

"तो मार खात होता तेव्हा तुम्ही काय करत होता?" शेटच्या वकिलानं विचारलं.

"उभा होतो," मी म्हणालो. कचेरी हसली.

बाहेर पायरीवरच शेटच्या माणसांनी मला गाठलं. माझे दोन दात पडले, एक बरगडी मोडली. लाठीवाल्यांना शिक्षा झाली, शेट सुटले. पण ते तिघं पंच मान वर करून बोलले. शेटना पंचांतून काढलं, गासड्या उचलायला लावल्या, रखवालदारी अमिनाबीला दिली.

त्यानंतर मोठे व्यापारी माझ्याकडे फिरकत नाहीत. गाडीवान येतात.

तू निरोप धाडलास, परत ये, वावरात तुझा वाटा आहे. दादा, तो तूच कस. तिकडे आलो तर तुम्ही सगळे मला शूर म्हणाल. इथं अमिनाबी रोज दिसते. ती मला शूर म्हणत नाही, वाईटही बोलत नाही, दारातून बाजूला सरकते आणि म्हणते, "या, बसा." मी आत जाऊन बसतो.